दाभोळ–धोपावे फेरीबोट: घड्याळाआधी तिथी बघा

दापोलीकडून गुहागरला गाडीने जायचे दोन मार्ग आहेत. एक दापोली, खेड, चिपळूण असा मोठा वळसा घालून, शंभर किलोमीटरच्या वर. दुसरा दाभोळच्या धक्क्यावर गाडी फेरीबोटीत चढवून, वाशिष्ठीची खाडी ओलांडून समोर धोपाव्याला उतरण्याचा. प्रत्यक्ष पाण्यावरचा वेळ दहा-पंधरा मिनिटं. बोट सुटायची वाट बघण्यात अर्धा-पाऊण तास गेला, तरी वेळ वाचतोच. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीचं तीन-चार लिटर पेट्रोल वाचतं ते वेगळंच. पेट्रोल शंभरी ओलांडून गेलेलं असताना गाडीचं आणि माणसांचं भाडं भरूनही हा सौदा फायद्याचाच राहतो.

सुवर्णदुर्ग शिपिंगने ही सेवा २००३ मध्ये सुरू केली. त्याआधी इथे माणसं होडीने पलीकडे जायची आणि गाड्या चिपळूणमार्गे. कोकणच्या किनाऱ्यावर गाड्या वाहून नेणारी फेरीबोट रोज, बाराही महिने, सकाळपासून रात्रीपर्यंत चालू शकते हे या सेवेने दाखवून दिलं. पुढे वेसवी–बागमांडला, तवसाळ–जयगड, आगरदांडा–दिघी अशा फेऱ्या सुरू झाल्या त्या याच धर्तीवर. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: रायगड–रत्नागिरीच्या खाड्यांवरची ही सगळ्यात उपयोगी सेवा आहे. पण ती नीट वापरायची तर खाडी कशी वागते हे थोडं समजून घ्यावं लागतं. धक्क्यावर अडकणाऱ्या बहुतेक गाड्या ओहोटीचा अंदाज न घेता आलेल्या असतात.

ओहोटीचा प्रश्न काय ते आधी पाहू. दोन्ही काठांवर सिमेंटचा उतार पाण्यात गेलेला आहे. बोट नाक पुढे करून त्या उताराला टेकते, इंजिन चालू ठेवून स्वतःला दाबून धरते आणि पुढचा लोखंडी रॅम्प खाली सोडते. भरतीला पाणी वर असतं, त्यामुळे बोट उताराच्या वरच्या भागाला टेकते. तिथे रॅम्प जवळजवळ सपाट बसतो आणि गाडी रस्त्यावरून रस्त्यावर गेल्यासारखी आत जाते. सुकतीला पाणी खाली गेलं की बोटही उताराच्या खालच्या टोकाला लागते. तो भाग दिवसातून दोनदा पाण्याखाली जाणारा असल्याने त्यावर शेवाळ आणि गाळ असतो. गाडीला आधी उतारावरून खाली यायचं आणि लगेच रॅम्पवर वर चढायचं, असा खोलगट कोन तयार होतो. पुढचा बंपर रॅम्पच्या काठाला घासतो तो इथे. बंपर सुटला तर रॅम्प संपून डेक सुरू होतो त्या उंचवट्यावर गाडीचं पोट टेकतं. भरलेली सेडान असेल, मागे चार माणसं आणि डिकीत सामान असेल, तर सायलेन्सर घासलाच म्हणून समजा.

उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पाण्यात अडीच मीटरच्या आसपास फरक पडतो. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या दिवसांत तो निम्म्यावर येतो. म्हणून कोणत्या दिवशी किती वाजता निघावं हे ठरवायला किनाऱ्यावरचा जुना हिशोब वापरा: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ही वेळ दुपारचीही आणि रात्रीचीही, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. त्यापासून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे दोन-तीन दिवस उधाण असतं, तेव्हा संध्याकाळी पाच ते सातच्या दरम्यान पाणी सगळ्यात खाली गेलेलं असतं. मुंबई-पुण्याहून सकाळी निघालेल्या गाड्या दाभोळला पोहोचतात त्या नेमक्या याच वेळेला. गाडी बसकी असेल तर अशा दिवशी दुपारी एकदीडच्या आत दाभोळ गाठा, नाहीतर दापोलीत निवांत जेवून रात्री आठनंतर या. अष्टमीच्या सुमाराला हा विचार करायची गरज नाही, कारण पाणी फारसं खाली जातच नाही. उंच एसयूव्ही आणि जीपवाल्यांनी या सगळ्याची फिकीर करू नये.

चढवण्याची पद्धत साधी आहे, पण तीत घाई चालत नाही. गाडीतली माणसं आधीच खाली उतरवा. ती चालत बोटीवर जातील आणि गाडी दोन-तीन बोटं वर उचलली जाईल, तेवढ्याने पोट वाचतं. पहिल्या गिअरमध्ये, हाफ-क्लचवर लटकत न राहता, एकसारख्या हळू वेगाने जा. उतारावर थांबून परत उचलायला गेलं की ओल्या शेवाळावर पुढची चाकं फिरतात आणि क्लच जळल्याचा वास येतो. बंपर घासेल असं वाटलं तर रॅम्पवर सरळ न जाता थोडं तिरकं जा, म्हणजे एका वेळी एकच चाक कोनात येतं. खलाशी हाताने खुणा करतात, त्याच पाळा. बाजूला उभा राहून जावई काय सांगतो त्याकडे लक्ष देऊ नका. काही वेळा गाडी उलटी चढवायला सांगतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता येते. रिव्हर्समध्ये उतारावर जायची सवय नसेल तर तसं स्पष्ट सांगा. त्यात कमीपणा नाही, आणि खलाशांना रोज अशी माणसं भेटतात.

दुचाकीवाल्यांना वेगळी सूचना. डेकचा पत्रा खवल्यांचा असला तरी ओला झाला की निसरडा होतो. रॅम्पवर पुढचा ब्रेक दाबू नका, चाक सरकतं. गाडी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर लावलेली गाडी बोट काठाला टेकतानाच्या धक्क्याने कलंडते आणि शेजारच्या गाडीचा दरवाजा चेपते. त्यापेक्षा गाडीजवळ उभं राहून हँडल धरणं बरं.

चारचाकी जागेवर लागली की हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, आणि इंजिन बंद करा. आरसे मिटा, कारण गाड्या एकमेकींना खेटून लावतात. काचा वर ठेवा, वारा असला की खारं पाणी आत उडतं. पण स्वतः गाडीत बसून राहू नका. गाड्यांच्या रांगेत दार पुरतं उघडायलाही जागा नसते. पाण्यावर काही झालं तर माणूस डेकवर असलेला बरा. लाइफ जॅकेट कुठे ठेवलेत हे चढल्या चढल्या बघून घ्या. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात रेलिंगपाशी सोडू नका.

कोणती गाडी कुठे लावायची हे खलाशी ठरवतात, आणि त्याचं कारण वजनात आहे. आंब्याच्या पेट्यांचा टेम्पो किंवा भरलेला ट्रक रॅम्पवर आला की बोटीचं नाक स्पष्ट दिसेल इतकं खाली दबतं आणि रॅम्पचा कोन बदलतो. म्हणून जड वाहन मध्यावर, हलक्या गाड्या दोन्ही बाजूंना सारख्या, आणि दुचाक्या उरलेल्या फटींत. "मी आधी आलो, मला पुढे घ्या" असा वाद धक्क्यावर ऐकू येतो. त्याला अर्थ नाही. तुमच्या पुढे सोडलेला ट्रक बोट समतोल राहावी म्हणून सोडलेला असतो.

प्रवासात एक गोष्ट बघण्यासारखी आहे. बोट सुटल्यावर ती समोरच्या धक्क्याच्या दिशेने सरळ जात नाही. भरती किंवा ओहोटी अर्ध्यावर असताना, म्हणजे सुरू झाल्यापासून तिसऱ्या-चौथ्या तासाला, खाडीतला ओढ सगळ्यात जास्त असतो. तेव्हा सारंग, म्हणजे बोट चालवणारा, बोटीचं नाक प्रवाहाच्या विरुद्ध बाजूला वळवून ठेवतो आणि बोट आडवी सरकत पलीकडे पोहोचते. शेवटच्या शंभरेक मीटरवर तो ती सरळ करतो आणि उताराला अलगद टेकवतो. पावसाळ्यात ओहोटीच्या ओढात नदीचं पाणीही मिळतं. वाशिष्ठीला सह्याद्रीचा पाऊस तर आहेच, शिवाय कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारं पाणीही पोफळीखाली याच नदीत येतं. त्या दिवसांत दोन वेळा पाणी कापून बोट लावावी लागली तर सारंगाला दोष देऊ नका.

पावसाळ्यात बोट चालते का, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. चालते. धक्के खाडीच्या आत असल्याने उघड्या समुद्राच्या लाटा इथे पोहोचत नाहीत. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हाही फेरीबोट सुरू असते. बंदरावर वादळाचा बावटा लागला किंवा नदीला मोठा पूर आला की मात्र थांबते, आणि थांबायलाच हवी. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तसा पूर आला की खाडीतून ओंडके आणि झाडं वाहत येतात. पंख्याला एक ओंडका लागला तर बोट ओढाबरोबर समुद्राकडे जाईल. पावसाळ्यात निघण्यापूर्वी धक्क्यावर फोन करून विचारा. मोबाइलच्या नकाशावर फेरीचा मार्ग दिसतो म्हणजे बोट चालू आहे असं नाही.

आता तक्रारी. पहिली गर्दीची. दिवाळी, नाताळ, मे महिना आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांना गाड्यांची रांग दाभोळच्या बाजारात शिरते. हा रस्ता जुन्या बंदराचा, दोन बैलगाड्यांपुरता. एक ट्रक समोरून आला की सगळं ठप्प. अशा दिवशी एकाने रांगेत गाडीजवळ थांबावं आणि दुसऱ्याने चालत जाऊन तिकीट काढावं. गाडीचं आणि माणसांचं भाडं वेगवेगळं धरतात, त्यामुळे गाडीचा प्रकार आणि किती जण आहेत ते आधीच सांगा. रोख आणि सुटे पैसे जवळ ठेवा. ऑनलाइन पैसे भरायला नेटवर्क लागतं आणि खाडीकाठी ते दगा देतं. सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा बोट भरली की सुटते, हे प्रवाशाच्या फायद्याचं आहे. आडदिवशी मात्र वेळापत्रकाची वाट बघावी लागते.

दुसरी तक्रार धक्क्याच्या उताराबद्दल. बोट चालवणाऱ्यांच्या हातात जेवढं आहे तेवढं ते करतात. उताराचं खालचं टोक गाळमुक्त ठेवणं आणि ओहोटीच्या पातळीच्या खाली लांबवणं हे सरकारी बंदर विभागाच्या कक्षेतलं काम. ते नीट झालं तर वर लिहिलेलं तिथीचं गणित निम्म्या गाड्यांना लागणारच नाही. रेवस–रेड्डी सागरी महामार्गात या खाडीवर पूल आखलेला आहे, म्हणून धक्क्यावर कशाला खर्च करायचा, असं कुणी म्हणेल. पण बाणकोटच्या खाडीवरचा पूल अर्धवट अवस्थेत किती वर्षं उभा राहिला हे या पट्ट्यातल्या लोकांनी पाहिलं आहे. पूल होईपर्यंत रोजची माणसं याच उतारावरून जाणार आहेत: मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायका, कॉलेजची मुलं, अंजनवेलच्या प्रकल्पात कामाला जाणारे.

हा प्रकल्प बोटीवरून उजव्या हाताला दिसतो. दाभोळहून धोपाव्याला जाताना समुद्र उजवीकडे असतो, आणि त्या दिशेच्या दक्षिण काठावर वीजप्रकल्पाची धुराडी उभी आहेत. "दाभोळ वीजप्रकल्प" म्हणून देशभर गाजलेला एन्रॉनचा प्रकल्प तो हाच. पण तो दाभोळमध्ये नाही, खाडीपलीकडे गुहागर तालुक्यातल्या अंजनवेल-वेलदूर भागात आहे. १९९९ मध्ये त्याच्या ७४० मेगावॉटच्या पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ मध्ये ती थांबली, आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या सरकारी कंपन्यांच्या भागीदारीतल्या कंपनीकडे तो आला. शेजारी द्रवरूप वायूचं टर्मिनल आहे, तिथे २०१३ पासून जहाजं लागतात. लाटा अडवणारी भिंत अपुरी असल्याने पावसाळ्यात ती थांबवावी लागत. कोट्यवधींच्या टर्मिनलला पावसाळा अडवत होता आणि सपाट बुडाची फेरीबोट खाडीच्या आत बाराही महिने फिरते, यात या किनाऱ्याचा सगळा भूगोल आला. मोठ्या जहाजाला खोल पाणी हवं, ते खाडीच्या तोंडाबाहेर मिळतं आणि तिथे लाटा असतात. आत लाटा नाहीत, पण गाळ आहे.

दाभोळचं बंदर मोठं झालं ते गलबतांच्या काळात, तेव्हा हा गाळ आड येत नव्हता. इथे उतरलेला माल खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत भरतीच्या पाण्यावर जायचा आणि तिथून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे चढायचा. बिदरचे बहमनी आणि नंतर विजापूरचे आदिलशहा यांच्यासाठी हे समुद्राचं दार होतं. घोडे इथे उतरत आणि मक्केला जाणारे यात्रेकरू इथून चढत. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी १४७२ च्या सुमाराला हिंदुस्तानातून परत निघाला तो दाभोळहूनच. १५०८ च्या डिसेंबरअखेर पोर्तुगीजांच्या आल्मेदाने हे शहर जाळलं. त्यातून ते सावरलं, पण पश्चिम किनाऱ्याचा व्यापार हळूहळू गोवा, सुरत आणि पुढे मुंबईकडे गेला. अफझलखानाच्या वधानंतर मराठ्यांनी दाभोळ घेतलं. पुढे मुंबईच्या आगबोटी इथे लागायच्या. त्याही बंद झाल्यावर बंदरात मासेमारी उरली, आणि २००३ नंतर ही फेरी. मालाची उलाढाल सोडा, रोज माणसं आणि गाड्या पाण्यावरून नेण्याचं बंदराचं मूळ काम दाभोळ आज करतं ते या फेरीमुळे.

त्यामुळे बोट चुकली तर चिडून गाडीत बसू नका. धक्क्याजवळच पाण्याच्या काठाला शाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. आदिलशाही धाटणीचा मोठा घुमट आणि चार कोपऱ्यांना मिनार, काळ साधारण १६५९. म्हणजे आदिलशाहीच्या हातून हा किनारा निसटत होता त्याच सुमाराची ही वास्तू. मक्केला जाऊ न शकलेल्या शाहजादीने प्रवासाचा पैसा इथे खर्च केला, अशी गावात आख्यायिका आहे. घुमटाखाली उभं राहून कमानींवरचं दगडी कोरीवकाम बघायला एका बोटीचं अंतर पुरतं. चंडिकादेवीचं मंदिर मात्र दोन बोटींच्या मधल्या वेळात उरकायचं ठिकाण नाही. देवी गुहेत आहे, आत वाकून जावं लागतं आणि उजेड समयांचा. तिथे जायचं तर तास-दीड तास हातात ठेवा.

धोपाव्याला उतरल्यावर रस्ता चढाचा आणि अरुंद आहे. सगळ्या गाड्या एकदम सुटतात, तेव्हा पहिली पाच मिनिटं ओव्हरटेकच्या नादी लागू नका. गुहागर तिथून साधारण अर्ध्या तासावर. वेळ असेल तर वेलदूरकडून अंजनवेलला वळा, गोपाळगड आणि टाळकेश्वरचं दीपगृह दोन्ही तिकडेच. गोपाळगडाच्या बाजूने खाडीचं तोंड पुरतं दिसतं, आणि हे बंदर इथेच का वसलं ते नकाशाशिवाय कळतं. घरी पोहोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या. सुकतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यात गेली असतील तर ब्रेकच्या डिस्कवर दुसऱ्या दिवशी गंज चढतो.

पुढे गणपतीपुळ्याला जाणाऱ्यांनी गुहागरहून तवसाळ गाठावं आणि दुसरी फेरी घेऊन शास्त्रीची खाडी ओलांडून जयगडला उतरावं. तिथे उतारापेक्षा वेळ सांभाळायची. तवसाळला जाणारा रस्ता वळणांचा आहे, नकाशा दाखवतो त्यापेक्षा अर्धा तास जास्त धरा. जयगडची शेवटची बोट चुकली तर तवसाळला राहण्याची फारशी सोय नाही, आणि रात्रीच्या अंधारात परत गुहागर किंवा मोठा वळसा. दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी करायच्या असतील तर दाभोळची दुपारी बाराच्या आतली बोट पकडा आणि शेवटच्या फेरीची वेळ दाभोळच्या तिकीट खिडकीवरच विचारून घ्या. जयगडची फेरीही याच सेवेची असल्याने माहिती तिथे मिळते.